पहाटेचं पान

माझ्या वडिलांनी उभा जन्म 'पाणी खुलं करा' अशी पत्रकं वाटली, आणि त्यांचा मुलगा नोकरीला लागला तो 'पाणी बंद करा' असं सांगायला. हा विनोद घरात पहिल्यांदा त्यांनीच केला. ते आर्वीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मालकाचं काम संपलं की उरल्यासुरल्या कागदावर आमच्या वस्तीची पत्रकं निघत. विहिरीबद्दल, वेठीबद्दल, शाळेतल्या माठाला कोणी हात लावायचा याबद्दल. शाई वाळली की आम्ही भावंडं घड्या घालायला बसायचो. मी अक्षरं ओळखायला शिकलो तेच त्या कागदांवर. छापलेली ओळ म्हणजे लढून मिळवलेली ओळ, ती खोटी असायची नाही, हे तेव्हापासून मनात बसलं. ओळ खरी असूनही वाचणारा चुकू शकतो, हे कळायला मला संत्र्याच्या बगीच्यात जावं लागलं.

ऐंशी सालाच्या आसपास मी कृषी खात्यात लागलो. वय चोवीस. एक सायकल, खांद्याला पिशवी, पिशवीत खात्याच्या घडीपत्रिका आणि पाण्याची बाटली. बाटली ही वडिलांची अट होती. "कोनाच्या दारी पानी मागाचं नाई," ते म्हणाले होते, "हक्काचं असन तिथं हक्कानं घे. नाईतं आपलं आपल्याजवळ ठेव." आर्वी-आष्टीकडचे संत्र्याचे बगीचे माझ्या वाट्याला आले आणि त्यांच्याबरोबर आला ताण.

ताण म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ज्यांनी संत्रं फक्त सोलून खाल्लं आहे त्यांना हे ऐकून धक्का बसतो. आम्हाला शिकवणारे गुरुजी पहाडातल्या सफरचंदाचं उदाहरण द्यायचे. सफरचंदाला थंडी झोपवते. पानं गाळून ते महिनोन्‌महिने निपचित पडतं, जागं झालं की एकदम फुलतं. आमच्या वर्धा जिल्ह्यातली थंडी स्वेटर पेटीतून निघेपर्यंत परत जाते. संत्र्याचं झाड बारा महिने जागंच राहतं. पाणी मिळत गेलं की पानांवर पानं काढत सुटतं, मधेच चार फुलं, मधेच दोन. त्याला झोपवायचं कसं? तहानेनं. फुलोरा हवा त्याच्या आधी पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याच्या जवळजवळ दुप्पट. पान मधल्या शिरेवर दुमडून होडीसारखं होतं, रंग उडतो, थोडी पानगळ होते. मग पाणी सोडायचं. झाडाला वाटतं मरता मरता वाचलो, आणि ते अंगभर फुलतं.

म्हणजे माझा धंदा झाडाला मरणाच्या दाराशी नेऊन परत आणायचा. दार किती लांब आहे ते झाड सांगत नाही.

लोक मात्र गमतीचे भेटायचे. आष्टीकडचा एक गृहस्थ सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "सायेब, तान देल्यानं सुधरत असन तं माह्या जावयाले देऊन पाहू काय?" आणखी एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं की दीड महिना बगीच्यात थेंब गेला नाही. बगीचा फुलला, फक्त विहिरीजवळचं एक झाड हिरवंगार आणि बिनफुलाचं. खोदून विचारलं तेव्हा कळलं की हा रोज संध्याकाळी त्याच्या बुडाशी हातपाय धुवायचा. मी हसलो होतो. त्या झाडानं मला काय सांगितलं होतं ते पुढे वर्षभरानं समजलं.

वच्छलाबाईंचा बगीचा रोहण्याहून आत, कच्च्या रस्त्यानं पाऊण तास सायकल मारल्यावर लागायचा. एकशे ऐंशी झाडं. नवरा वर्ध्याला कचेरीत कारकून. शनिवारी यायचा, सोमवारच्या पहिल्या एस.टी.नं जायचा. शेती बाईंची. बाई पंचेचाळिशीच्या, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर त्यांनी ही कलमं लावली होती. कलमं गुडघ्याएवढी असताना विहीर आटली. बाईंनी नाल्याच्या वाळूत झिरा खणला आणि घागरीनं पाणी वाहून एकूण एक कलम जगवलं. पुढे विहीर खोल झाली, वीजपंप बसला, आणि मग त्यांनी झाडांना कधी कोरडं राहूच दिलं नाही. आळ्यातल्या मातीला भेग पडली की यांचा जीव घाबरा व्हायचा. परिणाम व्हायचा तोच झाला होता. झाडं थोराड, गर्द हिरवी, आणि फळ म्हणावं तर इकडे दोन, तिकडे चार.

मी ताण सांगितला तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तहानलेलं ठेवू? ह्यायले? सायेब, म्या ह्यायले डोक्यावरच्या पान्यानं वाढवलं."

"म्हणूनच फळत नाहीत बाई. हे लाडाचं काम नाही, शास्त्र आहे."

"मरन-गिरन तं नाई ना कोनतं?"

"नाही मरणार. मी सांगतो ना."

'मी सांगतो ना' हे शब्द त्यानंतर मी कोणत्याही बगीच्यात उच्चारलेले नाहीत.

बाईंनी थोडा विचार केला. "ठीक हाये. तुमी म्हनसान तवा बंद, तुमी म्हनसान तवा सुरू. मंधात मी हात लावनार नाई. शब्द हाये माहा."

बाजूला किसना बुढा उभा होता. लोकांच्या बगीच्यांत रोजानं काम करण्यात याची चाळीस वर्षं गेलेली. अंगठेबहाद्दर, दात अर्धे, आणि प्रत्येक गोष्टीवर त्याचं काही ना काही म्हणणं. तो म्हणाला, "बाबू, किती दिवसाचा तान?"

मी घडीपत्रिका दाखवली. "इथे लिहिलंय."

"कागद झाडाले दाखवला का?" त्यानं विचारलं. बाई हसल्या. मी हसलो नाही.

पाणी बंद करायच्या दिवशी मी पुन्हा गेलो. चैत्र संपत आला होता. त्या दिवशी मला एकच महत्त्वाचं काम होतं. बगीच्यात चार ठिकाणी कंबरेइतके खड्डे खोदून खालची माती पाहायची. वरची माती सगळीकडे काळीच दिसते. खाली काय आहे त्यावर झाड किती दिवस तग धरेल ते ठरतं. हे घडीपत्रिकेच्या आतल्या पानावर छापलेलं होतं आणि मी ते शेकडो लोकांना वाचून दाखवलं होतं. पोचल्यापासून मी झाडांची मोजणी केली, बुंध्यांवर डिंक आहे का पाहिलं. दोन वाजले. जीभ टाळूला चिकटली होती. झाडाखाली बसून मी पिशवीतून बाटली काढली, बूच उघडलं.

"सायेब," वच्छलाबाई घाईघाईनं पुढे आल्या, "इथं पानी नका पिऊ."

माझा हात तिथेच थांबला. कानशिलं तापली. पहिल्या दिवशी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं होतं ते आठवलं. आडनाव ऐकल्यावर क्षणभर गप्प झाल्या होत्या तेही आठवलं, किंवा आठवल्यासारखं वाटलं. मी उठलो. लहानपणापासून घड्या घातलेली सगळी पत्रकं माझ्या तोंडून एकामागून एक बाहेर पडली. पाणी माझं, बाटली माझी, बाटायचं काय त्यात? जमीन? झाड? मी इथे भीक मागायला आलेलो नाही, सरकारी कामाला आलोय.

बाईंचा चेहरा उतरला. "तसं नाई सायेब, तसं..."

'तसं'च्या पुढचं मी ऐकलंच नाही.

"अबे बाबू, तानाच्या बगीच्यात..." किसना बुढा मधे पडला.

"तुम्ही मधे बोलू नका," मी म्हणालो, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत अख्खी बाटली घशाखाली उतरवली.

मी सायकलीकडे निघालो. खड्डा एकही खोदलेला नव्हता. बाई मागून चालत येत होत्या. मला थांबवायला काहीतरी बोलायचं म्हणून असेल, म्हणाल्या, "ते वरच्या धुऱ्याकडची जमीन पाहून घ्या ना. म्या तिकडे खंदलं होतं एकडाव. दोन हातावर मुरूम लागला." धुरा म्हणजे शेताचा बांध. हे शब्द माझ्या कानावर पडले, आत गेले नाहीत. गावाबाहेर पुलावर बसून मी डायरीत लिहिलं: जमीन भारी.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हे वाचून कोणी 'बघा, उगाच चिडतात ही माणसं' म्हणेल. त्या नोकरीत याआधी दहा दारांत मला उंचावरून ओंजळीत पाणी ओतलं गेलं होतं, किंवा मिळालंच नव्हतं. त्या दहाही ठिकाणचा माझा राग बरोबर होता आणि आजही मी तो परत घेत नाही. हे अकरावं दार होतं. चूक रागाची नव्हती. रागात मी कान बंद केले आणि त्याची शिक्षा झाडांनी भोगली, ही माझी चूक.

पाच आठवडे झाले. वैशाखाचं ऊन. एक दिवस एस.टी.च्या कंडक्टरनं चिठ्ठी आणून दिली. बाईंचं वळणदार अक्षर: 'वरच्या धुऱ्याकडे पानं पडून राहिली. येऊन पाहा.' मी गेलो, नेहमीप्रमाणे सायकल टपावर टाकून सकाळची गाडी धरून, पोचलो बाराच्या उन्हात. सगळ्या बगीच्याची पानं दुमडलेली होती. वरच्या बाजूला पायाखाली पानं करकर वाजत होती. एक पान उचलून मी मुठीत चुरडलं. पण घडीपत्रिकेत पानगळ हे ताण बसल्याचं चिन्ह म्हणून दिलं होतं, आणि भारी जमिनीचे आठवडे अजून भरायचे होते.

"पडू द्या," मी म्हणालो. "अजून दहा दिवस."

बाईंनी पंपाच्या खोलीकडे एकदा नजर टाकली. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला. कुलूप काढायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. त्यांचा शब्द तेवढा आड होता.

त्या रात्रीपासून माझं जेवण उतरेना. आर्वीच्या खोलीत पंख्याची करकर ऐकली तरी वाळलेली पानं वाटायची. आणि चौथ्या दिवशी किसना बुढा दारात उभा. आठ कोस एस.टी.नं आणि पायी आला होता.

"दिस निंगाच्या आंधी ये," तो म्हणाला. "तू नेमी दुपारचा येते. दुपारी तं मानूसबी कोमेजते. झाडाची तब्येत दुपारी पाहाची असते काय?"

"मग केव्हा?"

"सकाई. रातभर झाड दम घेते. सकाई पान उघडलं का समजाचं, अजून जीव हाये, देऊ दे तान. सकाईबी उघडलं नाई, तं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "चाल माह्यासंग."

आम्ही संध्याकाळच्या गाडीनं गेलो, रोहण्याला त्याच्या भाच्याकडे पडलो आणि अंधार विरायला लागला तेव्हा बगीच्यात शिरलो. आधी विहिरीकडची बाजू. बुढ्यानं एक पान न तोडता ओढून माझ्या गालाला लावलं. गार, सपाट, किंचित दमट. रात्रीत उघडलं होतं. "हे ठीक हाये," तो म्हणाला. "ह्याले अजून आठ-दहा दिवस चालते." मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "थांब."

वरच्या धुऱ्याकडे जाताना पहिल्यांदा आवाज बदलला. विहिरीकडे चिमण्या होत्या, इथे नव्हत्या. उजेड पुरेसा झाला होता. साठेक झाडं, आणि प्रत्येकाचं प्रत्येक पान मिटलेलं. त्या दुपारी होतं तसंच. रात्र त्यांच्यावरून नुसतीच निघून गेली होती. बुढ्यानं तिथलं पान माझ्या गालाला लावलं. ते कोमट होतं, आणि कागदासारखं खरबरीत.

मला माझ्या पिशवीतल्या घडीपत्रिका आठवल्या.

मी कुदळ मागितली. दोन हातावर खण्ण आवाज आला. मुरूम. बाईंनी सांगितला होता तोच, तितक्याच खोलीवर. वरती काळ्या मातीची चादर आणि खाली ओल न धरणारा दगडी चुरा. ही हलकी जमीन होती. तिचा ताण कधीच पुरा झाला होता आणि त्यानंतर मी तिला 'पडू द्या' म्हणून पुन्हा तहानेवर ठेवलं होतं.

मी मान वर केली तेव्हा वच्छलाबाई धुऱ्यापलीकडे बाभळीखाली उभ्या होत्या. शेजारी माठ, त्यावर गडवा. त्यांनी गडवा भरला, पण धुऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तिथेच उभ्या राहून पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं, हात कोरडे केले आणि मग आत आल्या. मी बघत होतो. किसना बुढा माझ्याकडे बघत होता.

"तानाच्या बगीच्यात कोनी पानी पेत नाई," तो म्हणाला. "मालकबी नाई, मजूरबी नाई. जुने लोक म्हनत, झाडाले पान्याचा वास येते. वास-गिस कायचा? बायका पेतेत, हात धुतेत, गडवा लवंडते. एका अंगाले ओल भेटली का झाड अर्ध जागं होते. म्हून नेम. हेच सांगत होतो तुले तवा."

मला हातपाय धुणाऱ्या त्या गृहस्थाचं हिरवंगार झाड आठवलं.

बाई खाली बघत म्हणाल्या, "त्या दिशी धुऱ्यावर तुमच्यासाठी गूळ-पानी ठेवलं होतं. तिकडे बोलवाले आली होती मी."

मी कुदळ खाली टाकली. "पंप सुरू करा," एवढं म्हणालो. बाईंनी कमरेची किल्ली काढली.

विहिरीत तासाभराचं पाणी होतं. भर उन्हाळा, झरे मंद. मी सरळ आळी भरायला निघालो तर बुढ्यानं पाट अडवला. "आंधी ओठ ओले कर. पोट मंग. एकदम पाजलं तं फुटून मरन." म्हणून प्रत्येक झाडाला थोडं थोडं. पंप कोरडा पडला की घागरी. नाल्यातला तो जुना झिरा बाईंनी पुन्हा मोकळा केला. दहा वर्षांपूर्वी ज्या पायवाटेनं त्यांनी कलमांना पाणी वाहिलं, त्याच वाटेनं त्या आता थोराड झाडांना वाहत होत्या, आणि यावेळी दुष्काळ मी आणला होता. मीही घागर उचलली. खात्यात रजेचा अर्ज टाकला. विहिरीकडच्या झाडांचा ताण त्यांच्या वेळेला, पहाटेचं पान पाहून, बुढ्यानं तोडला.

मृग लागलं आणि कोरडं जाऊ लागलं. त्या दिवसांतली भीती सांगता येत नाही. रोज पहाटे साठ झाडांना गाल लावायचा. कोमट, कोमट, जरासं गार, कोमट. मग एका पहाटे मला झिऱ्यापाशीच वास आला.

गोड, दाट, डोक्यात जाणारा वास. मी धावत वर गेलो. साठच्या साठ झाडं पांढरी झाली होती. विहिरीकडेही फुलं होती, पण पानांतून डोकावणारी, शहाणी. इथे मात्र पान कुठे दिसतच नव्हतं. नुसती फुलं, फांदीच्या टोकापासून बुंध्यापर्यंत. गावातली माणसं बघायला येऊ लागली. "मानलं सायेब तुमाले! वच्छलाबाईचं नशीब काढलं!" म्हणू लागली. बातमी खात्यात पोचली. वरिष्ठांनी निरोप धाडला की सोमवारी ते फोटोग्राफर घेऊन येतायत, नव्या घडीपत्रिकेवर हाच बगीचा छापायचा.

मी शनिवारी तो निरोप वाचून दाखवला. किसना बुढ्यानं एक फांदी वाकवली.

"फूल पाहू नोको. फुलामागचं पान पाय. हाये का एक तरी?"

नव्हतं.

"मराच्या आंधी झाड असंच फुलते. जाता जाता सगळं देऊन टाकते. हे फुलं त्याचा उरलासुरला रस पेऊन राह्यले." तो बाईंकडे वळला. "झाड पाह्यजे का फुलं, ते सांग माय. आजच सांग. उद्या विचारशीन तं उशीर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा सायेब."

बहराचं आमिष मीच दाखवलं होतं. दहा वर्षांत या झाडांवर असा फुलोरा कधी आला नव्हता. "या वेळी मी सांगणार नाही," मी म्हणालो. "बुढा म्हणतो ते मला खरं वाटतं. पण झाडं तुमची. तुम्ही ठरवा."

मधमाशांचा आवाज तेवढा येत होता. बाईंनी जवळची फांदी मुठीत धरली आणि वरून खाली ओढत आणली. फुलं त्यांच्या पायांवर पडली.

"आंधी जीव," त्या म्हणाल्या. "फळ मंग."

शनिवार दुपार आणि पूर्ण रविवार आम्ही साठ झाडं ओरबाडली. नवरा वर्ध्याहून आला होता, त्यानं धुऱ्यावरूनच कपाळाला हात लावला आणि मग सदरा काढून कामाला लागला. सोमवारी जीप आली. वरिष्ठ उतरले, गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस उतरला. समोर उघडी झाडं आणि जमिनीवर काळवंडत चाललेल्या फुलांचा खच.

"हे काय केलंत?"

मी सांगितलं. खड्डा खोदला नाही इथपासून. वरिष्ठ वाईट नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अहवालात लिहा, पाऊस लांबला. खोटं नाही ते."

खोटं नव्हतंच. म्हणूनच मला त्या ओळीची भीती वाटली. मी लिहिलं: 'जमीन न तपासता माझ्या सांगण्यावरून ताण लांबवला.' त्यावर मला मेमो मिळाला. दोन वर्षं मी त्याच पगारावर त्याच खुर्चीत राहिलो, त्याची तक्रार नाही.

अहवाल कपाटात जातो. म्हणून मी एक पानी पत्रक लिहिलं: पान पहाटे पाहा, आठवडे मोजू नका, कंबरेइतका खड्डा खोदा, शेतातला माणूस सांगेल ते ऐका, आणि हे सगळं न केल्यामुळे काय झालं ते. खाली माझं नाव. वडिलांनी छापखान्यात उभ्यानं ते वाचलं. चष्मा काढून पुसला.

"आजवर दुसऱ्यायच्या चुकाचेच कागद जुळवले म्या," ते म्हणाले. "आपल्या चुकीचा हा पयलाच." आणि खिळ्यांच्या पेटीकडे वळले.

आष्टीच्या बाजारात मी ते वाटलं. एक जण दोन प्रती मागून घेत ओरडला, "सरकारी मानूस चूक कबूल करून राह्यला! जपून ठेवा रे, असा कागद पुन्हा नाई भेटाचा."

साठांपैकी एकवीस झाडं गेली. पाऊस आला, पण त्यांना उशीर झाला होता. बाकीची एकोणचाळीस हळूहळू पालवली, त्या वर्षी फळ न देता. विहिरीकडच्या झाडांनी चांगला बहर धरला. लोक म्हणाले, एकूण बरंच झालं म्हणायचं. मी कधी तसं म्हटलं नाही. एकवीस आळी रिकामी होती आणि बाईंनी ती बुजवू दिली नव्हती.

पुढच्या वर्षी चैत्रात कंडक्टरनं पुन्हा चिठ्ठी दिली. एकच ओळ होती: 'वरच्या धुऱ्याच्या झाडांना यंदा ताण द्यायचा आहे. पहाटे येजा.'

मला नाही म्हणावंसं वाटलं. खरं सांगतो, बदलीचा अर्जही लिहून झाला होता. पण गेलो.

ताण सुरू होऊन काही दिवस झाल्यावरची ती पहाट. बाई बाभळीखाली होत्या, किसना बुढा बिडी विझवत होता. बाईंनी माठातून गडवा भरून माझ्यापुढे धरला. माझ्या पिशवीत बाटली होती, भरलेली.

"इथं प्या," त्या म्हणाल्या. "आत नाई."

मी त्यांच्या गडव्यातून पाणी प्यालो. तोंड पुसलं, हात सदऱ्याला कोरडे केले आणि धुरा ओलांडला. रिकाम्या आळ्यांच्या कडेनं पहिल्या झाडापाशी गेलो. पान ओढून गालाला लावलं. गार होतं. तरी मी दुसरं पान ओढून पाहिलं.

"किती दिवस अजून?" बाईंनी मागून विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "उद्या पहाटे पुन्हा येतो."